धोंड्यांचा हर्रास

त्या वर्षी श्रावण दोनदा आला, आणि त्यातल्या पहिल्या, जास्तीच्या श्रावणात मी अमरावतीच्या एका जिममध्ये आहाराचा वर्ग सुरू केला. ज्यांच्या घरी जावई आहे ते हे वाचूनच हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगते. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून त्याचे पाय धुतात, त्याला नारायण समजून ओवाळतात आणि पुरण भरलेले कणकेचे धोंडे तुपात बुडवून बुडवून त्याला खाऊ घालतात. वर तेहतीस अनारशांचं वाण देऊन घरी पाठवतात. वजन उतरवायचा वर्ग सुरू करायला याहून वाईट महिना शोधून सापडणार नाही.

माझ्या हे लक्षात कसं आलं नाही? तर मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो बंगलोरला असतो आणि दुसऱ्यांच्या घरचे धोंडे खातो. जावई हा प्राणी मी लोकांच्या पंगतीतच पाहिलेला.

वर्गाची कल्पना जिमच्या मालकाची. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. अकोल्याच्या जुन्या शहरातले जुने पहिलवान. मीही अकोल्याची, फक्त मोर्णा नदीच्या दुसऱ्या काठाची. तिथल्या कॉलेजात मी बरीच वर्षं गृहविज्ञान शिकवलं आणि नोकरी सोडून नवऱ्याच्या गावी अमरावतीला आले. अमरावतीत दोन अकोलेकर भेटले की आधी अमरावतीची निंदा होते, मग कामाचं बोलणं. तशी ती रीतसर झाल्यावर उस्ताद म्हणाले, "मॅडमजी, ये लोग एक घंटा लोहा उठाते, और नीचे उतरके गिला वडा खाते. यायले कोनी समजावाले पाह्यजे."

गिला वड्याची, म्हणजे दह्यात बुडवलेल्या वड्यांची, गाडी जिमच्या जिन्याला खेटूनच उभी असते. जिम वरच्या मजल्यावर, खाली कृषी केंद्र. त्यामुळे जिना चढताना आधी दह्याचा वास, मग फवारणीच्या औषधाचा, मग घामाचा. मी लगेच हो म्हटलं. मला प्रेक्षक मिळणार असतील तर मी स्मशानातही वर्ग घेईन.

तयारी मी जोरात केली. स्टीलच्या ताटावर लोकरीचा धागा चिकटवून भाग पाडले. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ किंवा उसळ, उरलेल्या पावात ज्वारीची भाकर. मग नवऱ्याला सोफ्यावर बसवून अख्खा तास करून दाखवला. तो शेवटी म्हणाला, "अंबाडीच्या भाजीचा इतका करुण प्रवेश मी आयुष्यात पाहिला नव्हता." त्याच्या मते मी घरातली साखर संपली हे सांगायलाही पडदा उघडते.

जिममध्ये चारी भिंतींना आरसे. मला माझा अभिनय सगळ्या बाजूंनी दिसत होता. एवढं सुख कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही मिळालं नव्हतं. त्या आरशांत आणखी एक गोष्ट चारी बाजूंनी दिसत होती, ती म्हणजे मी स्वतः. माझं अंग भरलेलं आहे. आहार शिकवणारी बाई काडीसारखी असावी अशी लोकांची अपेक्षा असते. तिथे जमलेले सगळे ताटाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. उस्तादांनी ओळख करून देताना तो प्रश्न मिटवला. "मॅडमजी को सब मालूम है," ते म्हणाले. "सब खाके देखा है."

ताटाचा प्रयोग छान रंगला. शेवटी मी विचारलं, कोणाला काही अडचण? तेव्हा मागच्या बाजूने, सायकलच्या यंत्रावर बसलेल्या एका जाडजूड, भरघोस मिशीच्या माणसाने हात वर केला. बोलला तो इतक्या हळू, की सगळ्यांना माना वळवाव्या लागल्या.

"मॅडम, येत्या आयतवारी मले अंजनगावले धोंडे खाले जा लागते. सासरी. थे या ताटात कुठं बसवू?"

माझ्या डोक्यात तेव्हा पंचांग उघडलं. मी विचारलं, आणखी कोणाकोणाला जायचंय? बाया सोडून सगळे हात वर. बायांनी हात वर केले नाहीत, कारण त्या स्वतःच्या नवऱ्यांना घेऊन माहेरी जाणार होत्या.

उस्ताद थक्क झाले. "आमचा रमजान दरसाल अलग मौसम में येते," ते म्हणाले. "तुमी एक महिना ज्यादा घुसवता, म्हनून तुमचे सन जागेवर राह्यते. ये मेरे को मालूम था. पन थो महिना जवाई को खिलाने के वास्ते हाय, हे आज समजलं."

वर्ग संपल्यावर तो हळू बोलणारा माणूस आणि त्याची बायको थांबले. तो कोण हे उस्तादांनी सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. बाजार समितीत हर्रास बोलणारा माणूस म्हणजे हा. शेतमालाच्या ढिगावर उभं राहून भाव पुकारणं हे त्याचं काम. भोवती व्यापारी उभे असतात, हा भाव चढवत नेतो, आणि ज्याने मान हलवली त्याची बोली. माझ्या नवऱ्याची तूर विकायला नेली तेव्हा मी त्याचा आवाज रस्त्यापलीकडून ऐकला होता. असा आवाज की ढिगावरची पाखरं उठून जावीत.

"मंग असे कुजबुजून काहून राहिले भाऊ?" मी विचारलं.

बायकोने आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. त्याला हर्निया झालेला. ओरडलं की मांडीच्या सांध्यात गाठ वर येते. आता पट्टा बांधून फिरतो, बोलायला बंदी. अकोल्याचे सर्जन म्हणाले, पोट आणि साखर दोन्ही खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. पोळा झाला की या, उतरलेलं दिसलं तर लगेच करू. नाही तर पुढे ढकलू.

"आन पुढं ढकलू म्हन्जे सोयाबीन येऊन जाईन," तो म्हणाला. "माह्या जागी सध्या अडत्याचा साळा उभा हाय. भोंगा घेऊन. मॅडम, भोंग्यावर बोलला थो काय हर्रास अस्ते? थे तं भंगारवाला बी करते. पन सोयाबीनच्या गर्दीत लोकायले एकडाव भोंग्याची आदत पडली, का मंग मले कोन बोलावते?"

एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंसं बोलणं ऐकून मला कसंतरी झालं. मी म्हटलं, सासूबाईंना सरळ सांगा ना, हर्निया आहे म्हणून.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अश्लील बोलले. "मॅडम," बायको म्हणाली, "जागा कोनती हाय थे पाहा ना. सासूपुढं सांगाची हाय काय थे?"

"मग साखरेचं सांगा."

"सांगतलं. माय म्हने, साखर नाई टाकत, गुळाचं पुरन करते."

शिवाय तिची आई तीन वर्षं या महिन्याची वाट बघत होती. जावई आला नाही किंवा येऊन जेवला नाही, तर अख्खी गल्ली विचारील, काहून बापा, काही बिनसलं काय? म्हणजे न जाणं शक्य नव्हतं, आणि तिथे जाऊन नाही म्हणणं शिकायला हवं होतं.

मग काय, मी पुढचा तास त्याचाच ठेवला. पदर खोचला, घरून आणलेली पळी हातात घेतली, मुठी आवळायच्या व्यायामाचे पिवळे रबरी चेंडू परातीत ठेवले. हे धोंडे आणि मी सासू. एकेकाने पाटावर बसायचं आणि मला नाही म्हणायचं.

पहिला बसला. मी वाकून म्हटलं, "घ्या ना जी जवाईबुवा, एकानं काय होते?"

"नको जी, पोट भरलं."

"पोट भरलं का मन भरलं आमच्यावरून? पोरीनं काही सांगतलं काय आमच्या सयपाकाचं?"

त्याने निमूट ताट पुढे केलं. दुसऱ्याला मी नुसतं म्हटलं, "तुमच्या मायनं वाढलं अस्तं तं नाई म्हनले अस्ते काय?" त्याने दोन घेतले. रबराचे चेंडू होते ते, खाता येत नव्हते, तरी एकालाही नाही म्हणता आलं नाही. उस्ताद स्वतः पाटावर बसले. त्यांच्या ताटात पाच पडले. "मेरी सास तो निकाह के पहलेच गुजर गई थी," ते म्हणाले. "इतनी मोहब्बत से किसी ने पूछाच नहीं." मग त्यांनी सहावा स्वतः मागून घेतला.

हर्रासवाल्या भाऊंची पाळी आली. हा माणूस रोज शंभर व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून भाव चढवत होता. मी परात घेऊन समोर गेले, आणि तोंड उघडायच्या आत त्याने डोळे मिटून ताट पुढे केलं.

"मॅडम," तो चेंडू हातात दाबत म्हणाला, "तुमीच चला ना संग."

मला तेवढंच हवं होतं. उस्ताद म्हणाले गाडी मी काढतो. त्यांना खरे धोंडे बघायचे होते.

रविवारी आम्ही दर्यापूरच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना काळ्या रानात गुडघ्याएवढी कपाशी, त्यात तण काढणारे बैलांचे डवरे चाललेले. मी मागच्या सीटवर माझं भाषण पाठ करत होते. सासूबाई आवाज चढवतील, मी दोन पट्ट्या वर चढेन. त्या रडतील, मीही रडेन. माझी रडायची तयारी उत्तम असते.

अंजनगावला पोचलो आणि माझं सगळं नाटक दारातच पडलं. सासूबाई म्हणजे चिमणीएवढी बाई. आवाज त्याहून लहान. त्यांनी जावयाचे पाय धुतले, पुसले, ओवाळलं. सासरे शेजारी हात जोडून उभे. मग पंगत बसली: भाऊ मधोमध, एका बाजूला सासरे आणि बायकोचे काका, दुसऱ्या बाजूला उस्ताद आणि मी. ताटात कढी, भजे, कुरडया, वांग्याची भाजी आणि मधोमध दोन धोंडे, तुपाच्या तळ्यात.

भाऊंनी कढी घेतली, भाजी घेतली, माझ्या धाग्याच्या ताटाप्रमाणे डावीकडून उजवीकडे गेले, आणि एक धोंडा कसाबसा संपवला. मी अभिमानाने पाहत होते. तेवढ्यात सासूबाई पातेलं घेऊन समोर आल्या.

त्या काहीच बोलल्या नाहीत. एकदाही घ्या म्हणाल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, पातेल्यात बघत. पंगत थांबली. कढीचा भुरका मारणारे काकाही थांबले. बराच वेळ गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. राहू द्या."

मी आयुष्यात इतका जबरदस्त आग्रह पाहिला नाही. माझी पळी, माझे टोमणे, सगळं पोरखेळ. भाऊंचा हात आपोआप ताट पुढे ढकलायला लागला. ते माझ्याकडे बघत होते, बुडणारा काठाकडे बघतो तसे.

"मावशी," मी घाईने सुरू केलं, "धोंडे फार सुंदर झालेत. पण आता असं बघा, आहारशास्त्रात..." आणि मी बोलू लागले. माझी एक सवय आहे. मुद्दा पटवताना मी मान हलवते. मोठी हलवते, शेवटच्या रांगेला दिसावी म्हणून. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या आणि पातेलं जावयाच्या ताटावर इंचाइंचाने वाकत होतं.

तेव्हा भाऊंनी एक हात वर केला. अगदी हळू आवाजात, पण प्रत्येक अक्षर सुटं, ते म्हणाले, "हा धोंडा. चन्याच्या डायीचं पुरन. घरचं तूप. माल पाहून घ्या, मंग म्हनाल सांगतलं नाई. बोला."

कोणालाच काही समजेना. सासूबाईंचं पातेलं अधांतरी थांबलं.

"मामी," भाऊ सासूबाईंना म्हणाले, "आज मी नारायन ना?"

"हो जी."

"मंग नारायनानं आपल्या वाट्याचा धोंडा कोनाले देल्ला तं चालते ना?"

सासूबाई विचारात पडल्या. नारायणाला नाही म्हणायची सोय त्यांच्या शास्त्रात नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सासरे म्हणाले, "देवाची मर्जी."

"मॅडमची मान हालली," भाऊ म्हणाले. "मॅडमले एक."

"अहो, मी तर..." मी म्हटलं आणि नकारार्थी मान हलवली.

"मॅडमचे दोन."

आणि ते दोन्ही माझ्या ताटात पडले, वर पळीभर तूप. बाजार समितीत नकाराची मान नसते हे मला तेव्हा कळलं. हलली म्हणजे हलली.

मग हर्रास रंगला. बोली धोंड्यांचीच, कोण किती उचलतो याची. उस्ताद म्हणाले, "मेरे दो." काकांना ते सहन झालं नाही. पाहुणा अकोल्याचा, आणि अंजनगावचा माणूस मागे राहणार? "तीन," काका म्हणाले. "चार," उस्ताद म्हणाले आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं. भाऊंचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. एक हात पट्ट्यावर, दुसरा हवेत, आणि तो बारीक आवाज ऐकायला शेजारपाजारच्या बाया खिडकीला येऊन उभ्या. सासरे, ज्यांच्या तोंडून दिवसभरात दोनच शब्द निघाले होते, त्यांनीही मान हलवली आणि एक मिळवला. मी दोन्ही हातांनी हनुवटी धरून बसले होते, तरी माझ्या नावावर आणखी एक चढला. शिंक आली होती.

सासूबाईंचं पातेलं रिकामं झालं. त्या आत गेल्या, परत कणीक मळायला घेतली, आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. त्यांच्या घरी धोंडे कधी संपले नव्हते. दर वेळी दुसऱ्या दिवशी गाईला जात.

निघताना त्यांनी मला आत बोलावलं. अनारशांचं वाण बांधत त्या म्हणाल्या, "बाई, जवाईबुवायले हर्निया हाय ना?"

मी उत्तर द्यायचं म्हणून मान हलवणार होते, पण आता मला मानेची भीती बसली होती.

"सदऱ्यातून पट्टा दिसून राहिला होता," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी मालकायचं बी झालं हाय थे. मले समजते."

"मग मावशी, पातेलं घेऊन काहून उभ्या राहिल्या?"

"मले कोनी सांगतलं काय?" त्या म्हणाल्या. "त्यायनं सांगाचं नाई, मी इचाराचं नाई. मंग वाढाले थांबू कशी?"

त्यांनी वाण माझ्याच हातात दिलं. "हे तुमीच न्या," त्या म्हणाल्या. "त्यायच्या घरी नका पोचवू." तेहतीस अनारसे मी मांडीवर घेऊन बसले. वलगावच्या पुढे ते तेहतीस नव्हते. उस्ताद गाडी चालवताना एक हात मागे करत होते.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये ही बातमी आमच्या आधी पोचली. सगळ्यांना तीच युक्ती हवी होती, पण हर्रास बोलणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. एकाने चांदूर रेल्वेला सासरी करून पाहिलं, तर मेव्हण्यांनी सगळी बोली त्याच्याच नावावर चढवली. म्हणून लोकांनी सोपा उपाय काढला. ज्याचे धोंडे असतील तो उस्तादांना मानाचा पाहुणा म्हणून सोबत नेऊ लागला. पाहुणा मोठा आला की आग्रहाचा ओघ तिकडे वळतो, जावई बचावतो. महिनाअखेर माझ्या वर्गाचं वजन बऱ्यापैकी उतरलं आणि जिमच्या मालकाचं चढलं. ते काट्यावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "मशीन खराब है."

पोळा झाला. भाऊ अकोल्याला गेले. सर्जनांनी कागद पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि तारीख दिली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा बायकोने मला खोलीच्या दारातच अडवलं. "मॅडम, तुमी बोलू नका," ती म्हणाली. "त्यायले हासू आलं तं टाके दुखते." मी अर्धा तास दाराशी उभी राहून नुसती बघत होते. माझ्या आयुष्यातला सर्वात अवघड प्रयोग तो. तरी भाऊ मला बघूनच हसले आणि उशी पोटाशी धरून कळवळले.

सोयाबीन आलं तेव्हा मी मुद्दाम बाजार समितीत गेले. ढिगाला ढीग लागलेले, हवेत भुसा. भोंगा अडत्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला होता आणि त्याचा साळा चहा पीत बसला होता. भाऊ ढिगावर चढले. आधी हळूच खाकरले. एक हात पोटावर ठेवला, तिथे आता पट्टा नव्हता. मग आवाज सोडला.

पाखरं उठली. पलीकडच्या रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मला रडू येईल असं वाटलं आणि खरंच आलं, तयारी न करता.

भाऊंनी गर्दीत मला पाहिलं. भाव पुकारता पुकारता त्यांची नजर माझ्या मानेवर येऊन थांबली, आणि मिशी एका बाजूने वर गेली.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने माझा दंड घट्ट पकडला. "मॅडम," ती म्हणाली, "मान हालवू नका बापा. अख्खा ढीग हाय."

मी डोळेही पुसले नाहीत. ताठ उभी राहिले.